केक बाहेर ठेवायचा की फ्रीजमध्ये?

गेल्या काही महिन्यांत आपल्या ओळखीच्या घरांत बरेच वाढदिवस झाले आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच चर्चा ऐकली. उरलेल्या अर्ध्या केकचं काय करायचं? एकजण म्हणतो फ्रीजमध्ये ठेवा. दुसरी म्हणते, नको, फ्रीजमध्ये त्याचा दगड होतो. तिसऱ्याने मोबाइलवर वाचलेलं असतं की आयसिंग असलेला केक तीन दिवस बाहेर आरामात राहतो. ही चर्चा संपेपर्यंत पाऊण तास झालेला असतो आणि केक टेबलावरच असतो, पंख्याखाली.

म्हणून या वेळच्या सदरात हाच विषय. आमच्या घरी केक करणं हे बायकोचं खातं आणि तो आणणं, सांभाळणं, उरलेला ठेवणं हे माझं. त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क मला आहे असं मी धरून चालतो.

आधी त्या ‘तीन दिवस बाहेर राहतो’चं बघू. असं सांगणारे बहुतेक लेख अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये लिहिलेले असतात आणि त्यात ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द असतो. तिथली खोली म्हणजे 20-22 अंश, हवा कोरडी. आपल्या सुरंगीत मे महिन्यात दुपारी खोलीत 34-35 अंश सहज असतात आणि जुलैत पारा उतरला तरी हवेत एवढं पाणी असतं की मिठाची बरणीही ओली होते. आमच्या कामात एक जुना विनोद आहे. प्रोग्राम ग्राहकाकडे बंद पडतो आणि लिहिणारा म्हणतो, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ तो सल्ला तसाच आहे. त्यांच्या मशीनवर चालतो.

उकाड्यात केकला दोन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक म्हणजे तो दिसायला बिघडतो. लोणी साधारण 32 ते 35 अंशांच्या दरम्यान वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतं. म्हणजे बटरक्रीमचे गुलाब आपल्या उन्हाळ्यात मान टाकणारच. दुसरं म्हणजे तो खायला बिघडतो. 5 ते 60 अंशांच्या मधलं तापमान जिवाणूंना मानवतं. नीट जमून आलं तर काही जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतात. हिशोब करून बघा, तीन तासांत नऊ वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे 512. म्हणूनच आपल्याकडच्या अन्न सुरक्षेच्या नियमांत थंड पदार्थ 5 अंश किंवा त्याखाली ठेवायला सांगितलं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याचा घरगुती नियमही लक्षात ठेवायला सोपा आहे: नाशवंत पदार्थ जास्तीत जास्त दोन तास बाहेर, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर फक्त एक तास. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने तो एक तासवालाच नियम लागू पडतो.

आता मुद्दा असा की हे दोन्ही बिघाड एकाच वेळी होत नाहीत. बेकरीच्या पाटीवर ‘फ्रेश क्रीम केक’ लिहिलेलं असतं. त्यातलं क्रीम बहुतेक ठिकाणी दुधाचं नसतं. वनस्पती तेलातली चरबी, साखर, पाणी आणि ते सगळं एकत्र धरून ठेवणारे घटक, असं ते व्हिप टॉपिंग असतं. गोठवलेल्या डब्यात येतं, फ्रीजमध्ये सोडवून फेटतात. यात फसवणूक आहे असं मला म्हणायचं नाही. दुधाची साय फेटून उभी राहायला त्यात निदान तीस टक्के तरी स्निग्धांश लागतो. आपल्याला किराणा दुकानात सहज मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीमच्या डब्यावर 25 टक्के लिहिलेलं असतं. ते कितीही फेटलं तरी धड उभं राहत नाही. शिवाय उभं राहिलं तरी आपल्या हवेत ते अर्ध्या तासात बसतं. बेकरीवाल्याने करायचं काय?

पण त्याचा एक परिणाम आपण लक्षात घेत नाही. दुधाचं क्रीम गरम झालं की खचतं, पाणी सोडतं, म्हणजे स्वतःच सांगतं की आता मला आत ठेवा. व्हिप टॉपिंग तसं सांगत नाही. चार तासांनीही त्याची नक्षी तशीच उभी असते, फोटोत छान येते, आणि आपण म्हणतो, बघा, काही झालं नाही. क्रीम उभं आहे म्हणजे ते चांगलं आहे असं नाही. त्यातही साखर आणि पाणी आहेच, वर आपले हात, सुरी, फळं, सगळं लागलेलं असतं. आणि वासावर तर मुळीच जाऊ नये. स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू आपल्या त्वचेवर, नाकात असतोच. तो क्रीमच्या पदार्थात वाढला तर जे विष तयार करतो त्याला ना वास ना चव, आणि ते नंतर गरम करूनही जात नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. मोठा माणूस एका दिवसात सावरतो. तीन वर्षांच्या मुलाला किंवा सत्तरीच्या आजोबांना ते तेवढं सोपं जात नाही, आणि वाढदिवसाच्या केकचे पहिले दोन तुकडे नेमके त्यांनाच जातात.

यावर आमची नाशिकची आत्या म्हणाली, “अरे, आमच्या वेळी तर केक रात्रभर कपाटात असायचा. कुणाला काही झालं नाही.”

मी म्हटलं, “आत्या, तुझ्या वेळी केकवर क्रीम कसलं होतं, आठवतंय का?”

तिला आठवलं. ते गुलाबी-हिरवं, कडक, जिभेला चिकटणारं आयसिंग. साखर आणि वनस्पती तूप किंवा लोणी. त्यात पाणी जवळजवळ नाहीच आणि साखर भरपूर, म्हणजे जिवाणूंना प्यायला पाणी मिळत नाही. ते चवीला यथातथाच होतं, पण टिकत होतं. आत्याचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त केक बदलला आहे.

आपल्या खाण्यात हा विचार नवीन नाहीच. शंकरपाळे, करंज्या, चकल्या दिवाळीनंतर पंधरा दिवस डब्यात राहतात, कारण त्यातलं पाणी तळणीत जातं. प्रवासाला दशम्या दुधात भिजवतात. इथे आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे शीतळा सातमला चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं खातात. त्या ताटात काय असतं ते बघा: थेपले, वडे, गोड पुऱ्या. रसदार भाजी किंवा बासुंदी रात्रभर बाहेर ठेवून खा, असं ती परंपरा सांगत नाही. पोर्तुगीजांचंच घ्या. 2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झालं तोपर्यंत हा मुलूख त्यांच्याकडे होता. त्यांनी आपल्याला पाव दिला, शब्दासकट. गोव्यात त्यांच्या प्रभावातून बिबिंका आली. नारळाचं दूध, अंड्याचा बलक, साखर, तूप, आणि थरावर थर भाजलेले. त्या दमट किनाऱ्यावर ती काही दिवस सहज राहते. तिच्यावर कुणी क्रीम थापलेलं नाही. मुंबई-पुण्याच्या इराणी बेकऱ्यांतला मावा केकही असाच, डोक्यावर काही नसलेला. उष्ण मुलखातल्या बेकिंगने आपला मार्ग शोधला होता. आपण थंड देशातला क्रीमचा केक उचलून आणला, तेव्हा त्याच्याबरोबर थंड देशही आणायला हवा, म्हणजे फ्रीज.

मग कुठला केक कुठे? मी साधं सूत्र वापरतो. क्रीम कसलंही असो, दुधाचं किंवा टॉपिंग, केक फ्रीजमध्ये, आणि दोन ते तीन दिवसांत संपवायचा. वर ताजी फळं कापून लावली असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंतच. चीज घातलेलं आयसिंग असेल तर फ्रीजच. चॉकलेट आणि क्रीमचं गनाश असलेला केक फ्रीजमध्ये तीन-चार दिवस छान राहतो. साखर-लोण्याचं बटरक्रीम थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, झाकून एक दिवस बाहेर चालेल. एरवी तेही आत. आणि आयसिंगच नसलेला, नुसता चहाबरोबर खायचा केक डब्यात बंद करून दोन दिवस बाहेरच ठेवा. तो फ्रीजमध्ये ठेवला तर मात्र नुकसान आहे, त्याचं कारण पुढे सांगतो.

एक गैरसमज इथेच मोडून काढायला हवा. आपल्या भागात बहुतेक ऑर्डर एगलेस असतात आणि ‘अंडं नाहीये, काही होत नाही’ असं म्हणून केक निवांत बाहेर ठेवला जातो. अंडं स्पंजमध्ये असतं आणि ते ओव्हनमध्ये चांगलं भाजलं जातं. धोका वरच्या क्रीमला आहे. एगलेस केकवर तेच क्रीम असतं.

आता तासांचा हिशोब. तो दुकानातून निघाल्यापासून सुरू होतो आणि बेरजेने वाढतो. मधे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही. सिल्वासातून किंवा वापीहून केक घेऊन सुरंगीला यायचं, वाटेत फुगे घ्यायचे, फाटकाशी किंवा सिग्नलला अडकायचं. घरी आल्यावर ‘ठाण्याहून काका निघालेत, पोचतायत’ म्हणून थांबायचं. मग सजावटीपुढे ठेवून फोटो. मग मेणबत्त्या, मग भाषण. केक कापेपर्यंत दीड-दोन तास कधीच उलटलेले असतात. आमच्याकडे आता क्रम उलटा आहे: सगळे जमतात, फोन कॅमेऱ्यावर येतात आणि मग केक फ्रीजमधून बाहेर येतो. सजावटीचे फोटो केकशिवाय काढले तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आणताना स्कूटरवर पायाशी ठेवणं हा सर्वांत वाईट प्रकार. खालून तापलेल्या रस्त्याची धग, वरून ऊन. गाडी असेल तर सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते आणि केक तसाच उतरतो. पुढच्या सीटच्या पायाशी सपाट जागा असते, तिथे एसीचा झोतही येतो. डिकीत तर नकोच. मे महिन्यात दुरून आणायचा असेल तर थर्मोकोलचा खोका आणि गोठवलेल्या दोन पाण्याच्या बाटल्या, कापडात गुंडाळून. मासे आणायला आपण जी काळजी घेतो तेवढीच. आणि केक घेताना विचारा, हा फ्रीजमधून कधी काढला? एका दुकानात आम्हाला केक काउंटरवर तयार ठेवलेला मिळाला, बोर्ड खालून कोमट लागत होता. किती वेळ ठेवला होता याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही. आम्ही तो घेतला नाही आणि साधा मावा केक घेऊन आलो. पोरगं पाच मिनिटं रुसलं.

मेणबत्त्यांचं जाता जाता सांगतो. 2017 मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाच्या लोकांनी आयसिंगवर मेणबत्त्या लावून फुंकायला लावलं आणि जिवाणू मोजले. फुंकलेल्या आयसिंगवर ते सरासरी 1400 टक्के जास्त निघाले. एरवी निरोगी माणसांत त्याने फारसं बिघडत नाही. पण घरात सर्दी-तापाची साथ असेल तर मेणबत्ती वेगळ्या छोट्या कपकेकवर लावावी आणि तो कपकेक वाढदिवसवाल्यालाच द्यावा. उलट खूश होतो.

आता फ्रीजबद्दल. ‘फ्रीजमध्ये दगड होतो’ ही तक्रार खरी आहे. स्पंज भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. थंड होताना तो पुन्हा घट्ट रचना धरू लागतो आणि स्पंज कोरडा, रवाळ लागायला लागतो. हे शिळं होणं फ्रीजच्या चार-पाच अंशांत खोलीपेक्षा लवकर होतं आणि गोठवल्यावर जवळजवळ थांबतं. पावात हे ठळक दिसतं, केकमध्ये साखर आणि चरबीमुळे थोडं हळू. म्हणूनच आयसिंग नसलेला केक आत ठेवू नका म्हटलं. दुसरं कारण लोणी. बटर घातलेला स्पंज थंडीत कडक होतो, तेलाचा मऊ राहतो. घरी करणाऱ्यांनी क्रीमच्या केकसाठी तेलाचा स्पंज धरावा, अर्धी तक्रार तिथेच मिटते. विकतचा केक खाण्याआधी फ्रीजबाहेर काढून ठेवावा, क्रीमचा असेल तर दहा-पंधरा मिनिटं, गनाश किंवा बटरक्रीमचा असेल तर अर्धा तास. हा वेळही त्या तासांच्या हिशोबात धरायचा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये पंखा कोरडी हवा फिरवत असतो, त्यामुळे उघडा केक एका रात्रीत सुकतो. वर चरबी वास ओढते. आपल्या फ्रीजमध्ये लसणीची चटणी, सुकट, कापलेला कांदा, सगळं असतं. दुसऱ्या दिवशी ब्लॅक फॉरेस्टला सुकटीचा वास आला तर दोष बेकरीचा नाही. यावर मोठ्या, उंच डब्याची युक्ती सर्वांत चांगली. डब्याचं झाकण खाली ठेवायचं, त्यावर केक, आणि वरून डबा उपडा बसवायचा. काढताना डबा उचलला की केक मोकळा, बोटांना क्रीम लागत नाही. एवढा डबा नसेल तर स्टीलच्या ताटलीवर केक आणि वर पातेलं उपडं. ठेवायचा मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला चिकटवून नाही, तिथे कधीकधी गोठतो.

आणि समारंभाच्या दिवशी फ्रीज खरंच थंड असतो का? कोल्ड्रिंकच्या बाटल्या कोंबलेल्या, दार दर दोन मिनिटांनी उघडतंय, कोणीतरी कोमट पावभाजीचं पातेलं आत सरकवलेलं. काही शे रुपयांत फ्रीजमध्ये ठेवायचा थर्मामीटर मिळतो. अशा दिवशी आमच्या फ्रीजमध्ये तो 11 दाखवत होता. तेव्हापासून बाटल्या बर्फाच्या बादलीत असतात आणि फ्रीज केकला. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरून ठेवतो.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तेव्हा दवबिंदू 26 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे 26 पेक्षा थंड अशा कुठल्याही पृष्ठभागावर हवेतलं पाणी जमणार. केक तर पाच अंशांवरून आलेला. उघडा बाहेर काढला की त्यावर घाम येतो, लाल आणि काळा रंग ओघळतो, साखरेच्या फाँडंटची बाहुली चिकट होते. यावर उपाय म्हणजे खोका किंवा डबा बंदच ठेवून बाहेर काढायचा, शक्यतो एसीच्या खोलीत, आणि जरा वेळाने उघडायचा. पाणी डब्याला सुटतं, केकला नाही.

कापलेल्या केकबद्दल मात्र मला एक जुना गृहस्थ फार आवडतो. फ्रान्सिस गाल्टन, डार्विनचा नातेवाईक. त्याने 20 डिसेंबर 1906 च्या ‘नेचर’ या विज्ञानाच्या साप्ताहिकात गोल केक कसा कापावा यावर पत्र लिहिलं. प्रश्न असा होता की पाच इंचांचा केक, खाणारी दोन माणसं, आणि उरलेला सुकता कामा नये. आपण त्रिकोणी फोड काढतो, त्याने आतल्या दोन बाजू उघड्या पडतात. गाल्टनने मधोमध आरपार पट्टी काढली आणि उरलेली दोन अर्धुकं एकमेकांना चिकटवून रबरबँड लावला. आतलं कुठेच उघडं राहत नाही. दुसऱ्या दिवशी आडवी पट्टी. त्याचा केक बिनआयसिंगचा होता. क्रीमच्या केकला रबरबँड रुतेल, म्हणून बेकरीवाले केकभोवती लावतात ती पारदर्शक प्लास्टिकची पट्टी जपून ठेवा आणि तीच गुंडाळा. दोघंतिघं असलेल्या घरात अर्धा किलोचा केक असा मस्त राहतो. फोड आधीच काढून झाली असेल तर कापलेल्या बाजूला क्लिंग फिल्म अगदी चिकटवून लावा. किंवा जुनी युक्ती, पावाची एक स्लाइस टूथपिकने टोचून ठेवा. स्लाइस सुकते, केक नाही.

संपणार नाही असं दिसत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री गोठवा. तुकडे करून ताटलीत तासभर फ्रीझरमध्ये ठेवायचे, क्रीम कडक झालं की एकेक तुकडा क्लिंग फिल्ममध्ये आणि मग डब्यात. व्हिप टॉपिंगचा किंवा बटरक्रीमचा केक महिना-दीड महिना चांगला राहतो. वरची ताजी फळं आणि जेली आधी काढून खाऊन टाका, ती सुटताना पाणी पाणी होतात. खायचा असेल त्याच्या आदल्या रात्री तुकडा गुंडाळलेलाच खालच्या कप्प्यात ठेवायचा.

रात्रीच ठेवा असा आग्रह मी का धरतो, त्याचं एक कारण थोडं अवघड आहे. बऱ्याच घरांत केक रात्रभर टेबलावर राहतो, सकाळी आपल्याला तो खावासा वाटत नाही, आणि मग टाकवतही नाही. अशा वेळी तो कामाला येणाऱ्या मावशींच्या किंवा गेटवरच्या दादांच्या मुलांसाठी बांधून दिला जातो. देताना भावना चांगलीच असते. पण आपल्या मुलाला आपण तो दिला नसता. त्यांच्या घरी कदाचित फ्रीज नसेल, म्हणजे तो आणखी दुपारपर्यंत बाहेर. आता आम्ही केक कापला की आधी त्यांचे तुकडे वेगळ्या डब्यात काढतो, तो डबा त्याच क्षणी फ्रीजमध्ये, आणि सकाळी देताना सांगतो, “मावशी, हा थंड आहे, पण घरी गेल्यावर लगेच खाऊन टाका, संध्याकाळवर ठेवू नका.” मावशींनी एकदा विचारलं, “दादा, का हो, काय टाकलंय त्याच्यात?” मग मी त्यांना ते 512 चं गणित सांगितलं. त्यांना ते माझ्या ऑफिसातल्या पोरांपेक्षा लवकर कळलं. दूध तापवायला उशीर झाला की नासतं, तसंच ना, म्हणाल्या.

डब्यावर कागदी चिकटपट्टी लावून केक आणल्याची तारीख आणि वेळ लिहितो, म्हणजे तिसऱ्या दिवशी घरात वाद होत नाहीत.